वरची टाकी, खालची टाकी आणि मधली मोटर: हायब्रीड प्रणालीचं मॉडेल आणि नियंत्रण, पायरीपायरीने

‘पातळी खाली गेली की मोटर चालू, वर आली की बंद.’ सोसायटीच्या पाण्याच्या ऑटोमेशनचं वर्णन बहुतेक जण एवढ्या एका वाक्यात संपवतात. मग महिन्याभरात कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात, रात्री दोन वाजता टाकी वाहू लागते किंवा संप (खालची टाकी) कोरडा पडला तरी पंप घरघरत राहतो. हा दोष मोटरचा नसतो. अडचण त्या वाक्यातच आहे.

पाण्याची पातळी सलग, हळूहळू बदलते. मोटर मात्र एका क्षणात चालू होते आणि एका क्षणात बंद. अशा सलग आणि तुटक वागण्याच्या मिश्रणाला हायब्रीड प्रणाली म्हणतात. त्यातच पंपाचा प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, म्हणून ती अरेषीयही आहे. उपग्रह किंवा रोबोट हाताशी नसला तरी चालेल. जिन्याखालच्या पंपरूममध्ये हा विषय पुरेपूर शिकता येतो. इथे एकच उदाहरण घेऊन मॉडेलपासून पॅनेलपर्यंत जाऊ. आकडे आपल्या इमारतीप्रमाणे बदलावे, पद्धत तीच राहील.

उदाहरणाची इमारत

२४ फ्लॅट, साधारण १२० माणसं. दरडोई दिवसाला १३५ लिटर या नेहमीच्या मापाने रोजची गरज १६,२०० लिटर, म्हणजे सरासरी तासाला ६७५ लिटर. सकाळच्या गर्दीत याच्या तिप्पट धरू: तासाला सुमारे २,००० लिटर, म्हणजेच ०.५६ लिटर/सेकंद.

वरच्या टाकीचं तळाचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर, त्यामुळे १ सेंटीमीटर म्हणजे ५० लिटर. ओव्हरफ्लोचं भोक तळापासून १४५ सेंटीमीटरवर. खालची टाकी १५ चौरस मीटर आणि २ मीटर खोल, तिथे १ सेंटीमीटर म्हणजे १५० लिटर. पंप ३ एचपीचा, थ्री फेज. संप भरलेला असताना पाणी २२ मीटर उचलावं लागतं, तळाला गेला की २४ मीटर.

‘१ सेंटीमीटर म्हणजे किती लिटर’ हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. पुढचं निम्मं गणित त्यावरच चालतं.

पहिली पायरी: आधी अवस्था, मग समीकरणं

समीकरणांपासून सुरुवात करायचा मोह टाळा. आधी मोटर कोणकोणत्या अवस्थांत असू शकते, ते कागदावर लिहा. ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढ्यावर भागत नाही. इथे निदान सहा लागतात: बंद, उचल (चालू झाली पण पाणी अजून वर पोचलेलं नाही), भरणी, विश्रांती (नुकतीच बंद झाली, लगेच चालू करायची नाही), संप-रिकामा आणि बिघाड.

प्रत्येक अवस्थेसाठी तीन गोष्टी लिहायच्या. या अवस्थेत पातळी कशी बदलते? कोणती अट पुरी झाली की इथून बाहेर पडायचं? आणि बाहेर पडताना काय बदलायचं, म्हणजे कोणता टायमर शून्यावर आणायचा, कोणती खूण पुसायची?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. वरच्या टाकीत ९० सेंटीमीटर पाणी आहे. मोटर चालू असावी की बंद? नुसत्या पातळीवरून सांगता येत नाही. पाणी चढत असेल तर चालू, उतरत असेल तर बंद. त्याच पातळीला दोन वेगळी उत्तरं आहेत, कारण प्रणालीला आधी काय झालं ते लक्षात ठेवावं लागतं. ही आठवण कंट्रोलरमध्ये कुठे साठवली आहे आणि वीज गेल्यावर तिचं काय होतं, हे आधीच ठरवलं नाही तर पुढे तीच सगळ्यात जास्त त्रास देते.

दुसरी पायरी: सलग भाग, आणि कुठली वक्रता खरंच महत्त्वाची

पातळी बदलण्याचा वेग = (आत येणारा प्रवाह − बाहेर जाणारा प्रवाह) ÷ तळाचं क्षेत्रफळ. याच्यापुढे मेख कुठे आहे, तर दोन्ही प्रवाहांत.

पंपाचा प्रवाह पंपाचा वक्र आणि पाइपचं घर्षण जिथे जुळतात तिथे ठरतो. पंप देतो ती उंची = बंद-व्हॉल्व्ह उंची (डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना पंप देतो ती) − (एक स्थिरांक × प्रवाहाचा वर्ग). पाइप मागतो ती उंची = प्रत्यक्ष उचल (पाणी जितके मीटर वर चढवायचं ती उंची, ‘उचल’ अवस्था नव्हे) + (दुसरा स्थिरांक × प्रवाहाचा वर्ग). दोन्ही सारखे मांडले की:

प्रवाह = √((बंद-व्हॉल्व्ह उंची − उचल) ÷ दोन्ही स्थिरांकांची बेरीज)

आपल्या इमारतीत बंद-व्हॉल्व्ह उंची ३६ मीटर आणि स्थिरांकांची बेरीज १.७५ (प्रवाह लिटर/सेकंदात). संप भरलेला असताना √(१४ ÷ १.७५) = २.८३ लिटर/सेकंद. संप तळाला असताना √(१२ ÷ १.७५) = २.६२. फरक सात-साडेसात टक्क्यांचा. मोटर नुसती चालू-बंद करायची असेल तर ही वक्रता सोडून दिली तरी चालते, ‘सुमारे पावणेतीन’ धरून काम होतं. व्हीएफडी (विजेची हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावायचा असेल तर मात्र हीच वक्रता सगळं ठरवते. ते पुढे येतंच.

बाहेर जाणाऱ्या प्रवाहाबद्दल पुस्तकी सवय अशी, की तो पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लिहून मोकळं व्हायचं. खरं घर तसं चालत नाही. दाब कमी असला की बादली भरायला जास्त वेळ लागतो, पण भरायची बादलीच असते. दिवसाचा एकूण वापर पातळीवर जवळजवळ अवलंबून नसतो. म्हणून इथे वापर हा बाहेरून येणारा, घड्याळाप्रमाणे बदलणारा आकडा मानावा.

वर्गमूळ खरोखर लागतं ते टाकी धुवायच्या दिवशी. तळाचा ४० मिलिमीटरचा ड्रेन उघडला आणि पाणी १४५ सेंटीमीटर असलं, तर भोकाचा गुणांक ०.६ धरून टाकी रिकामी व्हायला सुमारे ६० मिनिटं लागतात. त्यातली पहिली अर्धी १८ मिनिटांत जाते आणि खालची अर्धी ४२ मिनिटं घेते. ‘अर्धी तर झाली, आता दहा-पंधरा मिनिटं’ असं म्हणून सभासदांना पाणी सोडायची वेळ दिली की फजिती ठरलेली.

तिसरी पायरी: आकडे मोजून काढा, नावाची पट्टी वाचून नाही

पंपाच्या प्लेटवरचा प्रवाह नव्या पंपाचा असतो. आपला मोजायचा. वरच्या टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप २० मिनिटं चालवा आणि पातळी किती चढली ते पट्टी बुडवून बघा. इथे संप भरलेला असताना सुमारे ६८ सेंटीमीटर चढायला हवी, संप तळाजवळ असताना ६३. या मोजणीसाठी सुरुवातीला टाकीत ६०-७० सेंटीमीटरच पाणी ठेवा, नाहीतर ती मध्येच वाहील.

या दोन मोजण्यांतून बंद-व्हॉल्व्ह उंची आणि स्थिरांक दोन्ही निघतात, निदान कागदावर. प्रत्यक्षात जरा सांभाळा: दोन आकड्यांतला फरकच ५ सेंटीमीटरचा आहे, त्यात वाचण्याची १ सेंटीमीटरची चूक म्हणजे स्थिरांक वीस टक्क्यांनी चुकला. म्हणून बंद-व्हॉल्व्ह उंची वेगळी मोजावी. पंपाच्या डिलिव्हरीला प्रेशर गेज लावा, पंप चालू असताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करा, १०-१५ सेकंदांत आकडा वाचा आणि लगेच उघडा. जास्त वेळ बंद ठेवलात तर पंपातलं पाणी तापून सील जातं. १ किलो/चौ.सें.मी. म्हणजे १० मीटर. गेज पंपाच्या अक्षाच्या पातळीवर असेल तर संपातलं पाणी अक्षाच्या जितकं खाली, तितके मीटर त्यात मिळवायचे. मग प्रवाहाची एकच मोजणी पुरते.

आणखी एक बघायचं: चढणारा पाइप टाकीत वरून सोडला आहे की खालून? वरून असेल तर टाकी भरल्याने उचल बदलत नाही. खालून असेल तर टाकीतल्या पाण्याची उंचीही उचलीत मिळवावी लागते.

चौथी पायरी: पट्टा किती रुंद ठेवायचा

चालू करायची पातळी आणि बंद करायची पातळी यांच्यात अंतर हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. किती हवं, ते मात्र डोळ्यांनी ठरवलं जातं. त्याचं साधं गणित आहे.

पट्ट्यात मावणारं पाणी ‘प’ लिटर, पंपाचा प्रवाह ‘प्र’, वापर ‘व’. एक फेरी म्हणजे भरायचा वेळ प ÷ (प्र − व) अधिक उतरायचा वेळ प ÷ व. ही फेरी सगळ्यात छोटी कधी होते? वापर पंपाच्या बरोबर निम्मा असतो तेव्हा, आणि तेव्हा ती ४ × प ÷ प्र इतकी असते. वापर कितीही असला तरी मोटर याहून लवकर फिरून चालू होणार नाही.

आता ‘तासाला जास्तीत जास्त सहा वेळा चालू’ असं बंधन घालू. मोटर उत्पादकाने यापेक्षा जास्त परवानगी दिली असेल, पण कॉन्टॅक्टरही जगायला हवा. फेरी निदान ६०० सेकंदांची, म्हणून प = ६०० × २.८३ ÷ ४ = ४२५ लिटर, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर. ही किमान मर्यादा झाली. वरून पाणी कोसळताना टाकीत दोन-तीन सेंटीमीटरच्या लाटा उठतात, तेवढं दोन्ही बाजूंना वाढवा. १५ सेंटीमीटरच्या आत कधीच जाऊ नका.

जागा आहे तर सढळ हाताने ठेवा. ६० सेंटीमीटरवर चालू, १३५ वर बंद: पट्ट्यात ३,७५० लिटर. रात्री वापर नसताना भरायला २२ मिनिटं, सकाळच्या गर्दीत साडेसत्तावीस. दिवसाला चार-पाच वेळा मोटर चालू, एकूण दीड तासाच्या आसपास. वीज जाण्याची भीती असलेल्या ठिकाणी खालची पातळी ८० वर घ्यावी. फेऱ्या वाढतील, पण अडीअडचणीला १,००० लिटर जास्त शिल्लक राहतील.

एवढं करूनही एक ठिकाण हमखास राहून जातं: संप. वरच्या टाकीला दोन फ्लोट (पाण्यावर तरंगणारे स्विच) आणि खालच्या टाकीला एकच, असं पॅनेल नेहमी दिसतं. संप ३० सेंटीमीटरला आला की पंप बंद. पण नळाचं पाणी समजा १ लिटर/सेकंदाने येतंय. १५० सेकंदांत पातळी एक सेंटीमीटर चढली, फ्लोट उचलला, पंप चालू. संप एवढा खाली असताना पंप उपसतो २.६५, म्हणून ९१ सेकंदांत तो सेंटीमीटर खलास, पंप बंद. दर चार मिनिटांनी एकदा, तासाला पंधरा वेळा. वरची टाकी बिचारी भरतच नाही आणि सगळे वरच्या फ्लोटला दोष देत बसतात. संपालाही पट्टा द्या: ३० ला बंद, ६० शिवाय पुन्हा परवानगी नाही.

पाचवी पायरी: टायमर आणि अटींची उतरंड

बंद झाल्यावर निदान ३ मिनिटं विश्रांती. चालू झाल्यावर पहिली २५-३० सेकंदं ‘उचल’ अवस्था, कारण फूटव्हॉल्व्ह (संपातल्या पाइपच्या टोकाचा, पाणी परत न सोडणारा व्हॉल्व्ह) थोडा गळत असेल तर पंपाने हवा धरलेली असते आणि पाणी उचलायला वेळ लागतो. या काळात ड्राय-रनची (पंप पाण्याविना चालतोय का याची) तपासणी बंद ठेवायची, नाहीतर चांगला पंप उगाच ट्रिप होतो.

ड्राय-रन ओळखायला नुसता अँपिअर बघू नका. इंडक्शन मोटरचा भार उतरला तरी करंट फारसा उतरत नाही, पॉवर फॅक्टर (करंटमधला खऱ्या कामाला लागणारा वाटा) उतरतो. म्हणून वॉट किंवा पॉवर फॅक्टर बघणारा रिले घ्या. नेहमीच्या भाराला किती वॉट येतात ते आधी नोंदवा आणि त्याच्या ६०-७० टक्क्यांवर मर्यादा लावा.

एकाच वेळी दोन अटी पुऱ्या झाल्या तर कोणती आधी? हे लिहून ठेवलं नसेल तर प्रोग्राममधल्या ओळींच्या क्रमावर सगळं अवलंबून राहतं, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी ओळ वर-खाली केली की पॅनेल वेगळंच वागू लागतं. उतरंड अशी ठेवा:

ओव्हरलोड किंवा फेज गेला → लगेच बिघाड, हाताने रीसेट केल्याशिवाय सुटका नाही.
वरची पातळी १४० च्या वर → लगेच बंद, कुठलाही टायमर विचारायचा नाही.
ड्राय-रन किंवा संप ३० च्या खाली → लगेच संप-रिकामा. ३० मिनिटं आणि संप ६० च्या वर, दोन्ही झाल्यावरच बाहेर.
भरणी ४५ मिनिटांच्या पुढे → बिघाड.
पातळी १३५ → विश्रांती.
विश्रांती पुरी आणि पातळी ६० च्या खाली → उचल.

४५ मिनिटांचा आकडा असाच टाकलेला नाही. संप तळाला आणि सकाळची गर्दी, असा वाईटातला वाईट प्रसंग धरला तर भरायला ३,७५० ÷ (२.६२ − ०.५६), म्हणजे साधारण ३० मिनिटं लागतात. त्याच्या दीडपट होऊनही टाकी भरत नसेल तर पाइप फुटलाय, कोणी ड्रेन उघडा ठेवलाय किंवा सेन्सर अडकलाय. तिन्ही वेळा मोटर थांबलेलीच बरी.

किमान चालू-वेळ ठेवणारेही असतात, म्हणजे एकदा चालू झाली की दोन मिनिटं तरी चालवायचीच. ठेवा, पण सुरक्षेच्या अटींना ती लागू करू नका.

वीज आल्यावर काय? ‘आधी चालू होती म्हणून पुन्हा चालू’ हे मेमरीत साठवणं मला तरी पटत नाही. दोन तासांत परिस्थिती बदललेली असते. वीज आली की थेट ‘विश्रांती’त जायचं, टायमर शून्यापासून, आणि या पहिल्या वेळेपुरती चालू करायची पातळी ६० ऐवजी १२० धरायची. ७० सेंटीमीटर पाणी आहे म्हणून पॅनेल स्वस्थ बसलं आणि वीज पुन्हा तीन तास गेली, तर अख्खी इमारत कोरडी. अवस्था बदलताना काय बदलायचं, असा जो तिसरा प्रश्न वर होता, त्याचं हे उत्तर.

दोन विंगा, एक पंप: जिथे मॉडेल स्वतःच ओरडतं

आता थोडं अवघड. सकाळी दीड तास व्हॉल्व्ह सोडायची पद्धत असलेल्या सोसायटीत दोन विंगा आहेत, दोन वरच्या टाक्या, पंप एकच आणि मध्ये मोटराइज्ड व्हॉल्व्ह. नियम साधा: ज्या टाकीची पातळी खालच्या खुणेला टेकेल तिच्याकडे पाणी वळवा.

पंप २.८ लिटर/सेकंद देतो. व्हॉल्व्ह सोडल्यावर प्रत्येक विंग १.६ घेते, मिळून ३.२. दोन्ही टाक्यांत खुणेच्या वर १,००० लिटर आहेत. पंप ‘अ’कडे असताना ‘ब’ ६२५ सेकंदांत खुणेला येते, वळवलं. मग ‘अ’ १,०९४ सेकंदांत येते, पुढे ८२०, ६१५, ४६१... दर वेळी आधीच्या तीन चतुर्थांश. हे वेळ मिळवत गेलात तर बेरीज अनंताकडे जात नाही, ५,००० सेकंदांवर थांबते. म्हणजे ८३ मिनिटांच्या आत व्हॉल्व्ह अनंत वेळा फिरायला हवा! ग्रीक तत्त्ववेत्ता झेनो याच्या नावाने या वागणुकीला झेनो म्हणतात.

खरा व्हॉल्व्ह फिरायलाच समजा १० सेकंद घेतो, त्यामुळे एकोणिसाव्या टप्प्याच्या आसपास तो आधीचं वळण पुरं व्हायच्या आत पुढच्याची आज्ञा घेऊ लागतो. अर्धवट उघडा राहून थरथरतो, त्याचा गिअर जातो. संगणकावर सिम्युलेशन चालवत असाल तर ते ४,९९९ सेकंदांच्या पुढे सरकतच नाही आणि ‘प्रोग्राम हँग झाला’ असं वाटतं. प्रोग्राम ठीक असतो, त्याला दिलेल्या नियमाला ५,००० सेकंदांनंतरचं जगच नसतं.

त्या ५,००० चं मूळ बघा: खुणेवरचं एकूण पाणी २,००० लिटर ÷ तूट ०.४ लिटर/सेकंद. पाणी मुळात कमी आहे, आणि वळवावळवीच्या कुठल्याही हुशारीने ते वाढत नाही. टायमर लावून व्हॉल्व्ह वाचवता येतो (एकदा वळवलं की १० मिनिटं हलवायचं नाही), पण टाक्या खुणेखाली जाणारच. खरा उपाय मागणीवर आहे: दोन्ही विंगांच्या सोडायच्या वेळा अर्ध्या तासाने वेगळ्या करा, किंवा सोडायचा व्हॉल्व्ह पाऊणच उघडा. एका विंगेची मागणी १.२ वर आणली तरी बेरीज २.८ होते आणि टप्पे आखडणं थांबतं.

म्हणून कुठल्याही वळवावळवीच्या नियमाआधी एक बेरीज करून बघायची: सगळ्यांची मागणी आणि एकूण पुरवठा. दोन मिनिटांचं काम.

व्हीएफडी लावायचा असेल तर

वरची टाकी नसून थेट दाबाने पाणी द्यायचं असेल, किंवा टाकीची पातळी एकाच जागी धरून ठेवायची असेल, तर मोटरचा वेग बदलावा लागतो. इथे ती वगळलेली वक्रता परत येते.

पंपाची बंद-व्हॉल्व्ह उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ५० हर्ट्झला ३६ मीटर, मग २२ मीटर गाठायला किती हर्ट्झ हवेत? ५० × √(२२ ÷ ३६) = ३९. याच्या खाली पंप फिरतो, वीज खातो, पण एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उघडतच नाही. तेच पाणी पंपात घुसळून तापतं. संप तळाला गेला की ही मर्यादा ४०.८ वर जाते: सकाळी ४० हर्ट्झला पाणी येत होतं, दुपारी त्याच ४० ला थेंब नाही. प्लंबर फूटव्हॉल्व्ह उघडून बघतो, त्यात काही सापडत नाही.

मर्यादेच्या वर तरी सरळ आहे का? ४० हर्ट्झला ०.७७ लिटर/सेकंद, ४५ ला २.०२, ५० ला २.८३. ३९ ते ४० या एका हर्ट्झमध्ये पाऊण लिटर वाढतं, ४९ ते ५० मध्ये जेमतेम ०.१५. पाचपट फरक. ५० जवळ बसून पीआय कंट्रोलर (आत्ताची चूक आणि आधीच्या चुकांची साठलेली बेरीज बघून वेग ठरवणारा) छान ट्यून केला, तर तोच रात्री कमी मागणीला ४० जवळ हेलकावे खाणार. कमी वेगाला ट्यून केला तर सकाळी सुस्त.

गेन (चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा) अंदाजाने कमी-जास्त करत बसण्यापेक्षा उलटं गणित मधे घाला. पीआयने हर्ट्झ न मागता प्रवाह मागावा, आणि त्या प्रवाहाला लागणारा वेग सूत्राने काढावा:

हर्ट्झ = ५० × √((उचल + १.७५ × प्रवाह²) ÷ ३६)

१ लिटर/सेकंद हवा तर ४०.६, २ हवे तर ४४.९. संपातली पातळी सेन्सरने मिळत असेल तर ‘उचल’ तिथून घ्यावी, मग सकाळ-दुपारचा फरकही आपोआप मिटतो. पीआयला आता समोरची प्रणाली जवळजवळ सरळ दिसते. स्थिरांक दहा-पंधरा टक्क्यांनी चुकला असला तरी उरलेली चूक पीआय भरून काढतो.

इंटिग्रेटरला, म्हणजे पीआयमधल्या चुकांच्या साठत्या बेरजेला, लगाम विसरू नका. वेग ५० ला टेकला किंवा पंप झोपलेला असला की बेरीज थांबवायची. नाहीतर वीज परत आल्यावर ती फुगलेली बेरीज उतरेपर्यंत पंप पूर्ण वेगाने धावतो. आणि ३९ च्या जवळ खाली रेंगाळू द्यायचं नाही: मागितलेला प्रवाह ०.५ च्या खाली दोन मिनिटं राहिला तर पंप सरळ बंद, ०.८ च्या वर गेला तर पुन्हा चालू. इथेही पट्टा आणि टायमर आहेतच.

सिम्युलेशन: पॅनेल लावण्याआधी दोन संध्याकाळी

पायथनमधलं साय-पाय, सायलॅबचं एक्सकॉस किंवा ओपनमोडेलिका, काहीही चालेल आणि तिन्ही फुकट आहेत. शेवटच्या दोन्हींचा प्रसार आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प करतो.

ठरावीक पावलांनी पुढे जाऊन प्रत्येक पावलाला ‘पातळी १३५ च्या वर गेली का’ असं विचारू नका. तसं केलं तर स्विचिंगची वेळ पावलाच्या लांबीवर अवलंबून राहते. सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) घटना शोधायला सांगा: पातळी वजा १३५ हा आकडा शून्य केव्हा ओलांडतो, तिथे थांब, अवस्था बदल, पुन्हा सुरू कर. यात तीन खड्डे आहेत.

पुन्हा सुरू करताना पातळी बरोबर खुणेवरच असते, म्हणून तीच घटना लगेच पुन्हा पेटू शकते. घटनेला दिशा द्या: १३५ फक्त चढताना, ६० फक्त उतरताना. दुसरा, सॉल्व्हर मोठं पाऊल टाकून दोन ओलांडण्या एकाच पावलात गिळतो आणि त्याला काहीच दिसत नाही. कमाल पाऊल २०-३० सेकंदांवर बांधा. तिसरा वर्गमुळाचा: रिकाम्या टाकीत पातळी उणे ०.०००१ झाली की वर्गमूळ कोसळतं आणि पुढचे सगळे आकडे निरर्थक. वर्गमुळाच्या आत पातळी आणि शून्य यांतला मोठा आकडा घाला आणि ‘रिकामी’ ही वेगळी अवस्था ठेवा. एनआरव्ही बंद असतानाच्या पंपालाही तोच नियम.

एक दिवस नाही, निदान सात दिवस चालवा. वापरात दिवसागणिक वीस टक्के चढउतार द्या, वीज अवेळी घालवा, नळ एक दिवस येऊच देऊ नका. प्रत्येक वेळी बघायचं इतकंच: पातळी कधी १४५ ला गेली का, कधी शून्याला आली का, आणि तासाला चालू होण्याची संख्या सहाच्या आत राहिली का.

पॅनेलवर

बंद व्हायची पातळी १३५, ओव्हरफ्लो १४५, मध्ये ५०० लिटर. २.८३ च्या वेगाने ते १७७ सेकंदांत भरतात. म्हणजे सेन्सरपासून कॉन्टॅक्टरपर्यंत सगळा उशीर तीन मिनिटांच्या आत हवा. गच्चीवरून वायरलेसने पातळी येत असेल तर ६० सेकंद निरोप न आल्यास मोटर बंद. तेवढ्यात फार तर १७० लिटर, साडेतीन सेंटीमीटर चढेल, म्हणजे वाहायला अजून जागा आहे. ‘निरोप आला नाही तर आधीचीच पातळी धर’ असं कधी करू नका.

अल्ट्रासॉनिक सेन्सरला तोंडाजवळ २०-२५ सेंटीमीटरचा आंधळा पट्टा असतो. झाकणाला लावून पाणी त्याच्या २० सेंटीमीटर जवळ येत असेल, तर टाकी भरत आली की तो काहीही आकडे सांगतो, नेमकं नको तेव्हा. झाकणावर पाइपचा तुकडा बसवून त्याला वर उचला. दर सेकंदाला वाचन घेऊन शेवटच्या सातांतलं मधलं घ्या. सरासरी घेऊ नका, एक वेडं वाचन सरासरीला ओढून नेतं. आणि सेन्सर कितीही चांगला असला तरी १४० ला एक साधा फ्लोट थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये, प्रोग्रामला न विचारता.

मोटर जोडण्याआधी सेन्सरच्या जागी पोटेन्शिओमीटर (हाताने फिरवून आकडा बदलायचं बटण) आणि कॉन्टॅक्टरच्या जागी बल्ब लावून सगळ्या अवस्था हाताने फिरवून बघा. वीज काढा-घाला, सेन्सरची वायर उपटा, संप रिकामा दाखवा. उतरंडीतली प्रत्येक ओळ एकदा तरी घडायला हवी, आणि घडली की कागदावर त्या ओळीपुढे टिक.

चालू झाल्यावर रात्री वापर नसतानाच्या भरणीची वेळ दर आठवड्याला लिहा. २२ मिनिटांची २६ झाली तर प्रवाह पंधरा टक्क्यांनी घटलाय; फूटव्हॉल्व्हची जाळी आधी साफ करा, मग इंपेलर उघडा. आणि घटलेल्या प्रवाहाने ४५ मिनिटांची मर्यादा पुन्हा तपासा. सकाळच्या गर्दीत संप तळाला असेल तर भरणी आता ३७ मिनिटांच्या आसपास गेलेली असेल.